धाकटीच्या बोटांना बसेल अशी डिस्क

गड्ड्याच्या यात्रेतून, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आणलेली तबकडी दुसऱ्या दिवशी सकाळीच फुटली. होम मैदानावर पाळण्यांच्या पलीकडे खेळण्यांची पालं लागतात, तिथे थोरल्याने हट्टाने घ्यायला लावली होती. केशरी रंगाची, पापडासारखी पातळ. फेकली की आधी नीट जायची, मग वाऱ्याने वर चढायची आणि शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर जाऊन पडायची. तीन वेळा काठीने काढली. चौथ्यांदा कंपाउंडच्या भिंतीवर आपटली आणि कड तडकली. नंतर सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर वजन अठ्ठावन्न ग्रॅम भरलं. तेव्हा त्या आकड्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. पुढे चार महिने मी या काट्यावर शेंगदाण्यापेक्षा डिस्का, म्हणजे फेकायच्या तबकड्या, जास्त मोजल्या.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी अल्टिमेट खेळायचे. दोन संघ, एक डिस्क, न पडू देता समोरच्या टोकापर्यंत न्यायची. त्या वेळची माझी पांढरी डिस्क माळ्यावर होती. थोरला रडवेला झालेला बघून मी ती काढली, धुतली आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "ही बघ खरी डिस्क." खरी होतीच ती. एकशे पंचाहत्तर ग्रॅम, सव्वासत्तावीस सेंटिमीटर रुंद, मोठ्या माणसांच्या स्पर्धेत चालते ती. आमच्या जुळे सोलापुरात घरासमोर एक मोकळा प्लॉट आहे, दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ, मधे गाई बसतात. तिथे आम्ही तिघं गेलो. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सव्वापाच.

पहिल्या दहा मिनिटांत थोरल्याचा वरचा ओठ फुटला. मी फेकलेली डिस्क त्याच्या दोन्ही हातांच्या मधून सरळ तोंडावर गेली. फेक जोराची नव्हती. पण एवढं वजन कडेने आलं तर हळू आलं तरी लागतंच. शेजारचा पोरगा भिंतीवरून ओरडला, "का बे, लागलं की!" ओठावर पेप्सीकांडी धरून थोरला गप्प झाला, पण खरी पंचाईत धाकटीची झाली. तिने सगळं जवळून पाहिलं होतं. त्या दिवसापासून कुणीही काहीही फेकलं, अगदी तिच्या बाबांनी बेडवर घड्या केलेले टॉवेल टाकले, तरी ती डोकं धरून खाली बसायला लागली.

म्हणून डिस्क गोल्फ. लोकांना वाटतं, माझ्या जुन्या खेळाचं वेड मी पोरांवर लादलं. तसं नाही. मला असा खेळ हवा होता ज्यात फेकायचं आहे पण झेलायचं नाही, आणि समोर माणूस नाही. डिस्क गोल्फमध्ये नेमकं तेच आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेकायची, आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत कमीत कमी फेकींत टाकायची. बाकी सगळे फेकणाऱ्याच्या मागे उभे. एकजण फेकतो तेव्हा दुसरा पुढे जात नाही, हा आमच्या घरात पहिल्या दिवसापासूनचा कायदा आहे आणि तो मोडला तर त्या दिवसाचा खेळ बंद.

आता सामान. इथे मी एवढी घसरले की लिहायला लाज वाटते, कारण चार वर्षं डिस्क फेकलेली बाई मी. पार्क स्टेडियमच्या गाळ्यांत दोन दुकानांत विचारलं. एका दुकानदाराने जाड रबरी रिंग दाखवली, दुसरा म्हणाला, "ताई, ते प्लेटसारखं असतंय तेच ना? सीझनला येतंय." मग रात्री पोरं झोपल्यावर मोबाइलवर शोधायला बसले. तिथे कळलं की गोल्फच्या डिस्का चार जातींच्या असतात: जवळून टोपलीत टाकायची पटर, मधल्या अंतराची मिडरेंज, आणि लांब फेकायच्या फेअरवे ड्रायव्हर आणि डिस्टन्स ड्रायव्हर. प्रत्येकीवर चार आकडे. मी आकडे वाचलेच नाहीत. ‘डिस्टन्स’ हा शब्द वाचला, पोरांची डिस्क लांब गेली तर पोरं खूश होतील असा साधा हिशेब केला, आणि एक जांभळी, चकचकीत डिस्क मागवली. आपल्याकडे बाहेरून आलेली डिस्क स्वस्त नसते. तेव्हा हजार-बाराशेच्या पुढेच जायची. ही तर त्याहून महाग निघाली.

आली ती हातात घेतल्यावरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. लहान होती, सुमारे एकवीस सेंटिमीटर, पण कड बाहेरून जाड आणि टोकाला धारदार, जणू दोन बशा उपड्या चिकटवल्यात. पोटाशी पेनने 172 लिहिलेलं, म्हणजे ग्रॅममधलं वजन. थोरल्याने फेकली. सात-आठ पावलं गेली, डावीकडे कलली आणि जमिनीत रुतली. दुसरी फेक, तेच. मग "दे इकडे" म्हणून मी फेकली. थोडी लांब गेली आणि तशीच डावीकडे वळून बाभळीत घुसली. काटे टोचून घेत बाहेर काढली तेव्हा धाकटी म्हणाली, "मम्मी, ही रुसकी आहे."

त्या रात्री मात्र ते चार आकडे समजून घेतले. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड (हवेत किती तरंगते), तिसरा टर्न, चौथा फेड. स्पीड म्हणजे डिस्क किती वेगाने जाईल असं मला वाटत होतं. तसं ते नसतं. ती डिस्क नीट उडायला फेकणाऱ्याच्या हातात किती वेग हवा, असं ते वाचायचं. माझ्या जांभळ्या डिस्कचा स्पीड 12 होता. उजव्या हाताने, अंगासमोरून हात काढून फेकली तर चांगल्या वेगात डिस्क आधी थोडी उजवीकडे झुकते, ते टर्न. आणि वेग ओसरला की शेवटी डावीकडे वळते, ते फेड. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात मुळात वेगच नाही. म्हणजे सुरुवातीचं काही होतच नाही, एकदम शेवटच सुरू होतो. म्हणून ती रुसकी.

तुलनेला सांगते. इनोव्हा कंपनीची एव्हिअर नावाची एक खूप जुनी आणि खूप खपलेली पटर आहे, तिचे आकडे 2, 3, 0, 1. म्हणजे हळू फेकली तरी उडते, उजवीकडे झुकत नाही, शेवटी किंचित डावीकडे. त्यांचीच शार्क नावाची मिडरेंज 4, 4, 0, 2. आणि लेपर्ड नावाची फेअरवे ड्रायव्हर 6, 5, उणे 2, 1. हा उणे दोन नवख्याच्या कामाचा असतो, कारण कमी वेगातही डिस्क जरा सरळ राहायला बघते. या तिघींचा एकत्र संचही मिळतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती जांभळी आलीच नसती. पण सांगणार कोण? दुकानदार महागडी काढतो, आणि आई-बापांना लांब जाणारीच हवी असते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं सांगते, आणि ते कुठल्या आकड्यात नाही. मी धाकटीची कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि जांभळ्या डिस्कच्या कडेची जाडी मोजली. सव्वादोन सेंटिमीटर. मग तिचं मधलं बोट मोजलं. पाच सेंटिमीटर, नखासकट. तिला म्हटलं, धर बघू. तिने चारही बोटं खाली घातली, पण ती कडेखाली जेमतेम टेकली. आत वळून कडेच्या आतल्या बाजूला अडकायला जागाच उरली नाही. अंगठा वर ठेवला तर बोटं सुटतात, बोटं घट्ट केली तर अंगठा सरकतो. मग पोर काय करतं? दोन्ही हातांनी धरून पोटापासून ढकलतं. आणि आपण म्हणतो, हिला जमत नाही.

पटरची कड साधारण एक सेंटिमीटर असते. माझ्या जुन्या पांढऱ्या डिस्कचीही कड बारीकच होती, पण तिचा घेर पोराच्या छातीएवढा. गोल्फच्या डिस्कला नियमाने किमान एकवीस सेंटिमीटर व्यास लागतो, कडेची जाडी फार तर 2.6 सेंटिमीटर, आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. 21.2 सेंटिमीटरच्या डिस्कला हिशेब करून बघा, जवळजवळ एकशे शहात्तर येतात. म्हणून मोठ्यांच्या बहुतेक पटर आणि ड्रायव्हर एकशे सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास असतात, आणि दुकानदार न विचारता तेच वजन पाठवतो. वजनाची वरची हद्द नियमात आहे, पण खालचं वजन आपण मागायचं असतं. हलकी डिस्क कमी ताकदीत जास्त वेग घेते, एवढं साधं आहे. शिवाय ओठावर आली तरी कमी लागते.

मग किती हलकी? गड्ड्यातली अठ्ठावन्न ग्रॅमची वाऱ्याने पत्र्यावर नेली. म्हणजे तेवढीही नको. मी थोरल्यासाठी दीडशेच्या आत-बाहेर आणि धाकटीसाठी शंभर ते सव्वाशे असं ठरवलं, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. विकणाऱ्याला फोन केला. पुण्याचा होता, बोलायला चांगला. म्हटलं, "वजन लिहिलंय त्यावर नका जाऊ, काट्यावर ठेवून फोटो पाठवा." तो हसला, पण पाठवला. थोरल्यासाठी एक एव्हिअर, एक शार्क. धाकटीसाठी लहान मुलांची म्हणून निघते ती मऊ प्लास्टिकची, एकशे दहा ग्रॅमची पटर. चौथी काही घेतली नाही. नणंद त्याच शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला येणार होती, तिच्या पिशवीत त्या आल्या. आल्या-आल्या मी काट्यावर ठेवल्या आणि सासरे म्हणाले, "सोनं आहे का गं ते?"

प्लास्टिकबद्दल एक वाक्य. महागडं, पारदर्शक, चकचकीत प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकतं. पण लहान हाताला ते घसरतं. स्वस्तातलं साधं प्लास्टिक जरा खरबरीत, बोटांना चिकटून राहतं, दगडांवर आपटून लवकर झिजतं. आम्ही स्वस्तातलं घेतलं. झिजलेली डिस्क आणखी सरळ उडते, हा वर फायदा.

धाकटीने एकशे दहा ग्रॅमचीही हातात घेतली नाही. "लागेल," म्हणाली. फेकणारी तू, तुला कशी लागेल, हे तर्कशास्त्र पाच वर्षांच्या माणसाला पटत नाही. दोन दिवस ती पायरीवर बसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं. "तिला चुंबळ करून दे की."

चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर ठेवायला कापडाची गोल कडी करतात ती. आमच्या घरात टॉवेलला तोटा नाही. यांच्या कारखान्यातून सेकंडचा माल किलोवर येतो. पुसणी, पायपुसणी, दुपटी, सगळं टेरीचं. अप्पांनी स्वतः एक हातभर टॉवेल लांबीने पिळला, गोल केला, टोकं एकमेकांत खोवली आणि मी चार टाके घातले. वीत-सव्वा वीत घेराची, मऊ, कुणाच्या नाकावर बसली तर हसू येईल अशी. धाकटीने ती आधी अप्पांच्या टकलावर ठेवली. मग फेकली.

ती चुंबळ माझ्यासाठी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली. तिच्यावर मी धाकटीला फिरकी शिकवली. डिस्क हातातून सुटताना फिरली नाही तर ती डुगडुगते आणि पडते, भोवऱ्याचं तसंच. भोवरा फिरतो तोवर उभा, फिरायचा थांबला की आडवा. तिला भोवरा माहीत होता. "जाळीने भोवरा सोडताना मनगट कसं झटकतोस, तसं," हे थोरल्याला सांगितलं आणि धाकटीने ऐकलं. चुंबळ तीन-चार पावलांपलीकडे जात नाही, पण फिरते की नाही हे लगेच दिसतं, कारण तिच्यावर मी एका जागी लाल दोरा शिवला होता. आठवड्याने तो लाल दोरा गरगरायला लागला. मग तिने आपण होऊन विचारलं, "माझी खरी कुठंय?"

ती खरी हातात घेताना तिची बोटं कडेच्या आत वळून टेकली. मी बारकाईने बघत होते. तर्जनी कडेच्या बाहेरून, बाकी तिन्ही पसरून पोटाखाली, अंगठा वर. पंख्यासारखी पकड. घट्ट मूठ करून धरायची पकड मोठ्यांची, लांब फेकायला; लहान हाताला पंखाच बरा, डिस्क पुढून खाली पडत नाही. ती पहिली फेक जेमतेम सहा पावलं गेली असेल. सपाट गेली आणि सपाट उतरली. गाय सुद्धा उठली नाही.

आता टोपली. इथे मला पैसे वाचवायचे नव्हते, पण वाचले. घडीची टोपली विकत मिळते, ती आणायला माझी तयारी होती, अप्पा म्हणाले, "चार दिवस थांब." अप्पांना हे सगळं एव्हाना आवडायला लागलं होतं. मी त्यांना एड हेड्रिकची गोष्ट सांगितली होती. कॅलिफोर्नियाचा हा माणूस, फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होता. 1975 साली लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह पार्कात त्याने डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान आखलं. आधी लोक झाडाला, खांबाला, कचऱ्याच्या डब्याला नेम धरायचे आणि मग लागली की नाही यावर भांडायचे. हेड्रिकने खांबाभोवती साखळ्या आणि खाली टोपली असं करून भांडणच मिटवलं. 1977 साली त्याचं पेटंट मिळालं. 2002 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्का बनवल्या. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मेल्यावर पण पोरं फेकणार, आणि ते बाभळीत अडकणार." थोड्या वेळाने: "आमचं आपलं चंद्रभागेतच बरं."

तर टोपली. थोरल्याच्या आधीच्या सायकलची रिम भंगारात द्यायची राहिली होती. तिचे आरे काढले. आऱ्यांच्या भोकांतून तारेने साखळ्या लोंबकळवायच्या, मधे पाइप, खाली टोपली. टोपली बुरडाकडून आणली, भाजीवाले वापरतात तसली पसरट पाटी, मधे पाइपाएवढं भोक पाडायला सांगितल्यावर तो म्हणाला, "भोकाचं काय करताय ताई, सांडंल की सगळं!" पाइपाचा बुडखा तेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून उभा केला.

साखळीत मी परत चुकले. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "झोपाळ्याची का?" मी हो म्हटलं. किलोवर होती, जाड, देखणी. बारा पदर लावले, रिम एका बाजूला झुकली तरी लावले. थोरल्याची दीडशे ग्रॅमची डिस्क त्या साखळ्यांवर आदळायची आणि भिंतीवरून परत यावी तशी पायाशी यायची. नेम बरोबर असून डिस्क बाहेर, हे पोराला फार लागतं. विचार केल्यावर कळलं: साखळीचं काम डिस्कचा जोर पोटात घेणं हे आहे. जड साखळी हलतच नाही, मग घेणार काय? पुन्हा दुकानात. आता बारीक कडीची, कुत्र्याला बांधतात त्या जातीची घेतली. सव्वादोन फुटांचे बारा तुकडे, सगळे मिळून तीन किलोच्या आत. आतल्या बाजूला आणखी सहा, जरा सैल. आणि मग पहिल्यांदा तो आवाज आला.

हा आवाज लिहून सांगता येत नाही. बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणि दुकानाचं शटर यांच्या मधला काहीतरी. झण्ण होतं आणि लगेच धप्. पोरं त्याच्यासाठी सकाळी सहाला उठतात. सहाला, सोलापुरात, सुट्टीत! यांनी तर मला विचारलं, तू त्यांना काही कबूल केलंयस का? नवीन डिस्का घेण्याआधी जे काही पैसे असतील ते साखळीवर घाला, असं मी आता विचारणाऱ्याला सांगते. घरी आठ डिस्का असून टोपली नसेल तर त्या आठही आठवड्यात कपाटावर जातात.

उंचीचं एक सांगते. नियमातल्या टोपलीची कड जमिनीपासून ब्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास असते. धाकटीच्या ती गळ्याला येत होती. वरून टाकायला तिला डिस्क उचलून भिरकवावी लागायची, मग फिरकी जायची. आम्ही पाटी पन्नासवर आणली, रिमही तेवढीच खाली. थोरला कुरकुरला, "हे चीटिंग हाय." त्याला मागची रेघ दिली. टोपली एक, रेघा दोन, हे त्याला न्यायाचं वाटलं.

मार्च संपला आणि ऊन लागलं. चैत्रात सकाळी आठनंतर आमच्याकडे बाहेर कुणी खेळत नाही. एकदा डिस्का गाडीत मागच्या काचेजवळ राहिल्या, दुपारभर. संध्याकाळी धाकटीची मऊ पटर वाळत घातलेल्या पापडासारखी एका बाजूला उचलली होती. गरम असतानाच सपाट फरशीवर ठेवून वर पाटा ठेवला, सकाळपर्यंत बरीचशी बसली. पूर्ण नाही बसली. आता ती किंचित उजवीकडे जाते आणि धाकटीला ते माहीत आहे. ती डावीकडे नेम धरते. मी दुरुस्त करायला गेले नाही.

रंग. थोरल्याची शार्क हिरवी आली, कारण मी रंग सांगायला विसरले. पहिल्या पावसानंतर प्लॉटभर काँग्रेस गवत झालं आणि ती तीन वेळा हरवली. दोनदा सापडली. आता नवी घेताना फक्त गुलाबी किंवा भगवी, आणि पोटाशी मार्करने फोन नंबर. गवतात डिस्क शोधायची पद्धतही पोरांनी काढली आहे: फेकल्या-फेकल्या कुणीही पळायचं नाही, जिथे पडली त्याच्या मागचं झाड किंवा खांब बघून ठेवायचा, आणि मग सरळ चालत जायचं. पळत गेलं की जागा हरवते.

पावसाने दुसरंही केलं. काळी माती. चार पावलं चाललं की चपलेचं वजन किलोभर होतं, तशी डिस्कलाही कडेच्या आत माती भरते. त्यात बोटं घसरतात, आणि दीडशेची डिस्क काट्यावर ठेवली तर एकशे साठ दाखवते, बघितलंय मी. इथे मात्र आम्ही सोलापूरचे असल्याचा उपयोग झाला. जगभरचे डिस्क गोल्फवाले पिशवीला टॉवेल अडकवून हिंडतात, विकत घेऊन. आमच्याकडे प्रत्येक पोराच्या कमरेला एक टॉवेलचा तुकडा, कोपऱ्यात गाठ, आणि घरी पोतंभर शिल्लक. धाकटी दर फेकीआधी डिस्क पुसते, कोरडी असली तरी. मोठ्या लोकांना पुसताना बघितलंय तिने व्हिडिओत.

पिशवी विचारतात लोक. नको. तीन डिस्का दप्तराच्या जुन्या पिशवीत मावतात. हातमोजे, खास बूट, काही नको. एकच जास्तीची वस्तू घेतली ती म्हणजे मिनी, वाटीच्या तोंडाएवढी छोटी डिस्क. आधीची डिस्क पडली तिथे खूण म्हणून ठेवायची असते. धाकटीला ती खूण न वाटता बाहुलीची डिस्क वाटते. तिला जावळ काढलेल्या बाहुलीच्या हातात द्यायची असते आणि मग आम्ही सगळे थांबतो.

जांभळी मी परत पाठवणार होते. मुदत गेली. एप्रिलच्या उन्हात अप्पांनी ती उपडी करून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली आणि त्यात पाणी ओतलं, चिमण्यांसाठी. कड जाड, वाऱ्याने उडत नाही, थोडं पाणी राहतं. साळुंक्याही येतात. बाराशेच्या वरचं भांडं आहे म्हणून मी यांना सांगत नाही.

परवा सकाळी बघते तर थोरला भिंतीवर चढून त्यातलं पाणी ओतून टाकत होता. मी ओरडणार तेवढ्यात त्याने ती टॉवेलने पुसली, उन्हाने वाकडी झालेली कड डोळ्यासमोर धरून बघितली, बोटं आत वळवली आणि माझ्यापुढे हात केला. "मम्मी, पट्टी आण. आता बसतंय का बघ."